टिपा काढा

सोमवार, २ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार करायला या टेबलापाशी जागा नाही, तेव्हा बसल्या जागीच घे. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न उघडता टोपलीत टाकणार हे ठाऊक होतं, म्हणून पत्ता आमच्या हिशेबनीस बाईंकडून लिहून घेतला. आता फसलीच आहेस तर वाच. तीन वर्षांत तू माझा एक फोन उचललेला नाहीस. बाबांच्या पुस्तकाच्या समारंभानंतर तू उठून त्या लांबच्या शहरात गेलीस, छापखान्यात प्रुफं तपासायची नोकरी धरलीस, आणि मला तुझी खबर मिळते ती बाबांकडून. तीही "बरी आहे" एवढीच. त्या समारंभाबद्दल मी आज चकार शब्द लिहिणार नाही. मला वेगळंच काही सांगायचंय, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगितलं की लोक जांभया देतात.

मला नवं काम मिळालंय! आमची कंपनी काय करते ते तुला ठाऊक आहे. कंप्युटरवर कागदपत्रं वाचायचा प्रोग्रॅम. फाइल उघडा, पानं चाळा, समासात टिपा लिहा, सही ठोका. त्यातल्या बटणांवरचे मराठी शब्द मी लिहिते. आता आमच्या साहेबांनी तक्रारींचा एक गठ्ठा माझ्यासमोर आपटला आणि म्हणाले, "लोकांना जे जे कळत नाही ते ते कळेल असं करा. वीस तारखेला नवी आवृत्ती बाहेर जाणार." या साहेबांना आम्ही पाठीमागे 'झालंच' म्हणतो, कारण कुठल्याही कामाचं विचारलं की ते "झालंच" म्हणतात आणि ते काम कधीच झालेलं नसतं.

ताई, किती मजा आहे यात! आमच्या प्रोग्रॅममध्ये भिंगाची दोन चित्रं आहेत. एक दाबलं की अक्षर मोठं होतं, दुसरं दाबलं की शब्द शोधता येतो. एका आजींना अक्षर मोठं करायचं होतं. त्यांनी चुकीचं भिंग दाबलं, तर प्रोग्रॅमने विचारलं, "काय शोधायचंय?" आजींनी लिहिलं, "चष्मा." प्रोग्रॅमने अख्खं विजेचं बिल धुंडाळून सांगितलं की चष्मा सापडला नाही. हे पत्र मी टेबलावर चिकटवून ठेवलंय.

मी एका छोट्या खोलीत लोकांना एकेक करून बसवते, एक फाइल देते आणि मागे उभी राहून बघते. मदत करायची नाही, हूं की चूं करायचं नाही. मी, आणि गप्प! तू हसलीस ना आत्ता? जीभ चावून चावून दुखायला लागलीये.

आता कामाचं. एका बटणावर लिहिलंय 'टिपा काढा'. मी सहा जणांना विचारलं, हे दाबलं तर काय होईल? मुख्याध्यापक म्हणाले, नव्या टिपा लिहिता येतील, विद्यार्थी टिपा काढतात तशा. त्यांच्यासारखे तिघे. एक वकीलबाई म्हणाल्या, "सगळ्या टिपा उडतील, मी तर हातच लावणार नाही." तसे दोघे. आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ प्रिंटरकडे जाऊन उभे राहिले. प्रिंट काढतात, तशा टिपा काढल्या असं त्यांना वाटलं! सहा माणसं, तीन अर्थ. कुणा शहाण्याने हा शब्द तिथे ठेवला, देव जाणे.

बटण खरं काय करतं ते मी सांगत नाही. आधी तू सांग, तुला काय वाटतं? शब्दांच्या बाबतीत मी दुसऱ्या कोणाला मानत नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. म्हणजे, नाही चालणार.

तुझी बडबडी


सोमवार, ९ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

तू माझं पत्र तपासून परत पाठवलंस!

पाकीट उघडलं तर माझीच पानं, आणि त्यावर लाल शाई. सतरा चुका! 'चिकटवून' मधला चि मी दीर्घ केला होता म्हणे. एक शब्द नाही, कशी आहेस नाही, सही नाही. नुसत्या खुणा. मी ती पानं घेऊन ऑफिसभर नाचले. झालंचनी विचारलं, पगारवाढ झाली का? मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी झालंय, माझ्या बहिणीने मला सतरा वेळा चुकीचं ठरवलंय. ते आपल्या केबिनमध्ये परत गेले.

तुझ्या खुणा मी अजून विसरलेले नाही. तू मला शाळेत असताना शिकवल्या होत्यास, माझ्या निबंधांची खिमा-कोशिंबीर करता करता. शब्द घालायचा तर खाली छोटंसं टोपण. अक्षरं उलटसुलट झाली तर नागमोडी. आणि चुकून खोडलेलं परत हवं असेल तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात 'असू दे' लिहायचं. ही शेवटची खूण मला भारी आवडायची. पण माझ्या निबंधात तू एकदाही वापरली नाहीस. जे खोडलंस ते खोडलंस.

बरं, एका ठिकाणी मात्र तू खुणेबरोबर एक शब्दही लिहिलास. जिथे मी 'टिपा काढा' म्हणजे काय असं विचारलं होतं, तिथे दोन शब्दांच्या मध्ये टोपण घालून लाल शाईत 'बाहेर' लिहिलंयस. टिपा बाहेर काढा. म्हणजे फाइलच्या आतल्या टिपा बाहेर, लोकांना दिसतील अशा? हा चौथा अर्थ! सहा जणांपैकी एकालाही सुचला नाही. मी तो फळ्यावर लिहिला आणि खाली 'माझी ताई' असं लिहिलं. आमचा प्रोग्रॅम लिहिणारा, ज्याला आम्ही मौनी म्हणतो, त्याने फळ्याकडे बघून आठवड्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "या बटणाने नेमकं उलटं होतं."

होतं असं. ते दाबलं की टिपा दिसेनाशा होतात. पुसल्या जात नाहीत, फाइलमध्येच राहतात, पण लपतात. आणि फाइल दुसऱ्याकडे गेली तर त्यालाही दिसत नाहीत, त्या होत्या हेसुद्धा कळत नाही. मौनी आता एक पिवळी पट्टी करतोय. लपलेल्या टिपा असल्या की फाइल उघडताच वरती येईल, 'या फाइलमध्ये इतक्या टिपा लपवलेल्या आहेत. दाखवू का?' यातला 'दाखवू का' माझा. झालंचना तो फार लाडिक वाटतो. भांडून ठेवलाय.

पण बटणावरचा शब्द बदलायला ते तयार नाहीत. म्हणतात, तीन वर्षं लोक वापरतायत, कोणाचं काय बिघडलं?

तू उत्तर दिलंस म्हणून (ते उत्तरच आहे, नाही म्हणू नकोस) मीही जरा धीर करते. त्या दिवसाबद्दल. वाचनालयाचं सभागृह, बाबांची गिऱ्हाईकं पहिल्या रांगेत, प्रत्येकाच्या मनगटावर बाबांनी दुरुस्त केलेलं घड्याळ. बाबांनी चाळीस वर्षांचं घड्याळजीपण त्या एका पुस्तकात ओतलं होतं. तू आमच्याच प्रोग्रॅममध्ये चुका तपासायच्या, मी पानं लावून छापायला द्यायचं, असं आपलं ठरलं होतं. तुझ्याकडून फाइल आली ती कोरी, एक टीप नाही. मला वाटलं, तुला वेळ झाला नाही आणि तू तशीच ढकलून दिलीस. छापायची तारीख डोक्यावर, मी तशीच पाठवली. आणि मग पाहुण्यांनी माईकवर अर्पणपत्रिका वाचली. आई गेल्यानंतर बाबांनी तिच्यासाठी लिहिलेली एकच ओळ. 'जिने मला वेळेवर आणलं, तिला.' छापलं होतं, 'जिने मला वेलीवर आणलं, तिला.'

अख्खं सभागृह हसलं. बाबाही हसले, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी काय बोलले ते तुलाही पाठ असेल. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताईने एक ओळ वाचलेली नाही, वाचल्याचं नाटक केलं." तू म्हणालीस, "मी दोनशेच्या वर टिपा काढल्या." मी म्हटलं, "हो ना, सगळ्या काढल्यास, एकही ठेवली नाहीस." लोक पुन्हा हसले. तू पर्स उचललीस आणि गेलीस.

ताई, आज तीन वर्षांनी मी हे मान्य करायला तयार आहे की मी तिथे बोलायला नको होतं. घरी बोलायला हवं होतं. पण फाइल कोरी होती, हे तूही एकदा मान्य कर. मग आपण दोघी मोकळ्या.

बडबडी


गुरुवार, १२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितेय. मागचं पत्र फाडून टाक. निदान शेवटचा परिच्छेद तरी. घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराबद्दल काही बोलू नकोस.

आज सकाळी मौनीने पिवळी पट्टी तयार करून माझ्या कंप्युटरवर टाकली. म्हणाला, "जुन्या फाइलवर चालवून बघ." मी जुन्यात जुनी फाइल शोधायला लागले. हाताला लागली ती बाबांच्या पुस्तकाची. आकस म्हणून नव्हे, नुसती यादीत सगळ्यात खाली होती म्हणून. उघडली.

'या फाइलमध्ये २१४ टिपा लपवलेल्या आहेत. दाखवू का?'

मी किंचाळले. खरंच किंचाळले, वरच्या मजल्यावरून लोक आले. मौनी धावत आला, त्याला वाटलं पट्टी बिघडली. मी त्याला मिठी मारली, तो बिचारा लाकडासारखा उभा. आणि मग मी 'दाखवा' दाबलं, आणि ताई, पानं भरली! समास दोन्ही बाजूंनी भरले. तुझा तो मास्तरकीचा सूर, तुझी ती 'पाहा आणि लाज बाळगा' पद्धतीची उद्गारचिन्हं. पहिलीच टीप अर्पणपत्रिकेवर. 'वेलीवर नव्हे, वेळेवर. बाबा काय काकडी आहेत?'

मी हसले आणि त्याच दमात रडायला लागले. तू पहिल्याच पानावर पकडलं होतंस. तू प्रत्येक पान वाचलं होतंस. सत्तेचाळिसाव्या पानावर किल्ली फिरवायची दिशा चुकली होती, तीसुद्धा तू जुनं घड्याळ उघडून तपासलीस आणि तसं लिहिलंस. आणि मी तुला चारचौघांत खोटारडी म्हटलं.

काय झालं ते आता मला लख्ख दिसतंय. तुझ्या लाल 'बाहेर'नेच दाखवलं. तू टिपा लिहून संपवल्यास. मग तुला ते बटण दिसलं. तुला वाटलं, टिपा अजून फाइलच्या आत आहेत, बडबडीला दिसायच्या तर बाहेर काढून द्यायला हव्यात. ताटात वाढायला डब्यातून काढतो तशा. तू बटण दाबलंस, समास रिकामे झाले, आणि तुला वाटलं टिपा निघाल्या माझ्याकडे. आणि मग तू भर सभेत म्हणालीस, "मी टिपा काढल्या." आणि मी म्हटलं, "हो ना, काढल्यास." आपण दोघी एकच शब्द बोलत होतो गं! एकाच शब्दावरून भांडलो, आणि दोघींनाही वाटलं समोरची बेशरम आहे.

आता जे लपवलंय ते सांगते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, कुणा शहाण्याने हा शब्द ठेवला देव जाणे? देव जाणतो आणि मीही जाणते. तो शहाणा मीच. त्या पहिल्या आवृत्तीच्या वेळी एका आठवड्यात एकशे साठ बटणांना शब्द द्यायचे होते. 'टिपा लपवा' हा माझाच पहिला शब्द होता. पण 'लपवा' मला चोरट्यासारखा वाटला, अंग चोरून उभा असलेला, आणि 'काढा' कसा सुटसुटीत! मी माझ्यावर खूश होऊन लपवा खोडला आणि काढा लिहिला. यात काही चूक आहे असं मला वाटलं नाही, कोणालाच नाही वाटलं.

फाइल घेऊन दुपारीच बाबांच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात शिरले होते. माझ्या लॅपटॉपवरही त्यांनी तेच भिंग लावलं आणि काकडीची टीप वाचली. हसले. मग दुसरी वाचली, तिसरी वाचली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाले, "उद्या या." बाबांनी गिऱ्हाईकाला उद्या या म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हटलं, "बाबा, ताई खरं बोलत होती."

"मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ती खरं बोलतेय म्हटलं असतं तर तू खोटं बोलतेयस असं झालं असतं. आणि तूही खोटं बोलत नव्हतीस, तेही मला ठाऊक होतं. यंत्र उघडता येत नसेल तर त्याला हातोडी मारू नये, एवढंच मला येतं." आणि परत भिंग लावून शेवटच्या टिपेपर्यंत गेले.

दोनशे चौदावी तू माझ्यासाठी लिहिली होतीस. 'चुका संपल्या. बडबडे, हे पुस्तक तू उभं केलंस, मी आपल्या नुसत्या चुका काढल्या. छापून आलं की पहिली प्रत कोणाला देऊ नकोस, समारंभाच्या आधी घरी घेऊन ये. आपण तिघंच बघू. वाट बघते.'

तू वाट बघत होतीस. मी आले नाही, कारण मला ते दिसलंच नाही. मी सरळ सभागृहात गेले, आणि तू तिथे आलीस ती तोंड फुगवून, आणि मला वाटलं हिचं बिंग फुटणार म्हणून ही फुगलीये.

ताई, माझं चुकलं. शब्द निवडताना चुकलं, फाइल नीट न तपासता बोलले ते चुकलं, आणि तीन वर्षं तुझ्यावर उपकार केल्यासारखे फोन लावत राहिले तेही चुकलं. हे दोन वाक्यांत मावतंय याची मला लाज वाटते.

(इथली एक ओळ मी खोडली आहे. तिकडे बघू नकोस. मागायचा हक्क नाही, म्हणून खोडली.)

बडबडी


मंगळवार, १७ फेब्रुवारी

ताई,

टपालवाल्याला आता माझं नाव तोंडपाठ झालंय. तो गल्लीच्या तोंडाशीच मान हलवतो. आज पाच दिवस झाले. हरकत नाही. म्हणजे हरकत आहे, पण तुझी नव्हे, माझी.

एवढ्यात एक गंमत झाली ती सांगते, तेवढंच. पिवळी पट्टी मी झालंचना दाखवली, दोनशे चौदाचा आकडा दाखवला, आपलं भांडणही सांगितलं. ते म्हणाले, "हे तुमचं घरगुती आहे, यावरून शब्द बदलता येत नाही." बोलता बोलता त्यांनी सहज स्वतःची एक जुनी फाइल उघडली. त्यांच्या नव्या घराचा नकाशा. पट्टी आली. 'या फाइलमध्ये १९ टिपा लपवलेल्या आहेत.' सगळ्या त्यांच्या बायकोच्या, सगळ्या स्वयंपाकघरावर! 'ओट्याखाली उजेड कुठे?' 'खिडकी इकडे हवी, तीनदा सांगितलंय.' घर बांधून दोन वर्षं झाली. दोन वर्षं त्या म्हणतायत, मी सांगितलं होतं, आणि दोन वर्षं हे म्हणतायत, तू काही बोललीच नाहीस.

झालंचनी एकोणीसच्या एकोणीस टिपा वाचून काढल्या. मग हळूच म्हणाले, "शब्द बदला."

तर आता तीन बटणं झाली. 'टीप लिहा'. 'टिपा लपवा', आणि लपवल्या की तिथेच 'टिपा दाखवा'. आणि पुसायचं बटण दूर, एकटं, लाल, 'कायमच्या पुसा'. वकीलबाईंना परत बसवलं, त्यांनी न घाबरता दाबलं. मुख्याध्यापकांनाही कळलं. प्रिंटरकडे कोणी गेलं नाही. मी त्यांच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या, आवाज न करता.

'लपवा' चोरट्यासारखा वाटतो, हे माझं मत मी मागे घेतलंय. लपवलं असेल तर लपवलं म्हणावं.

ब.


शनिवार, २१ फेब्रुवारी

ताई,

पाकीट आलं! टपालवाल्याने लांबूनच हात उंचावला आणि मी स्लिपर घालायचं विसरून रस्त्यावर धावले. तिथेच उभ्याने फाडलं. माझंच बारा तारखेचं पत्र.

पहिलं पान. लाल खूण नाही. दुसरं पान, नाही. मला धडकी भरली. घाईघाईत लिहिलेलं पत्र, त्यात पन्नास तरी चुका असतील, आणि तू एकीलाही हात लावलेला नाहीस! तू चूक दिसूनही सोडलीस, असं माझ्या जन्मात घडलेलं नाही. मला वाटलं, झालं, आता तपासायच्याही लायकीची राहिले नाही मी.

मग शेवटचं पान उलटलं. मी खोडलेली ओळ. चार वेळा रेघा मारल्या होत्या गं मी, तुला वाचता कशी आली? उजेडासमोर धरलीस ना? धरलीच असशील. 'ताई, घरी ये.' अक्षरं पाच. आणि त्या पाच अक्षरांखाली लाल शाईचे पाच ठिपके, अगदी सरळ रेषेत, तुझ्या पद्धतीने. समासात लिहिलंयस, 'असू दे.'

रस्त्यावरच 'असू दे, असू दे' असं ओरडत सुटले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही वाईट बातमी का? मी पान त्यांच्या नाकासमोर धरलं आणि म्हटलं, ठिपके बघा, ठिपके! त्या बिचाऱ्या "छान आहेत" म्हणाल्या.

बाबांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाचही ठिपके बघितले आणि दुकानातली सगळी घड्याळं जुळवायला घेतली. म्हणतात, ती आली की सगळ्यांचे एकदम ठोके पडले पाहिजेत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती तुझ्या टिपांवरूनच निघणार आहे, पण पहिली प्रत सभागृहात जाणार नाही. आधी घरी येईल. आपण तिघंच बघू.

आणखी लिहीत नाही. उरलेलं सगळं मी तोंडी बोलणार आहे, न थांबता, आणि तू समोर बसून चुका काढ.

बडबडी